अप्पांना बसवायचं राहून गेलं

२०१८ सालचा मे महिना होता. उदगीरला त्या वर्षी असं ऊन तापलं होतं, की मोंढ्यातले हमालसुद्धा दहाच्या आत पोती उतरवून सावली धरत. त्या महिन्याच्या सतरा तारखेला, सकाळी साडेदहाला, बारदानवाले शिवप्पा आपल्या घरी, आपल्या बाजेवर, लेकीच्या हातचं दोन घोट पाणी पिऊन शांत झाले. आणि तासाभरात त्यांच्या दारात शववाहिनीवाला गफूर मयत ठेवायची थंड काचेची पेटी घेऊन उभा राहिला.

पेटी अजून बाहेरच होती. गफूरनं टोपी काढून घाम पुसला आणि उंबऱ्याच्या आत न येता म्हणाला, "सिद्धाक्का, आत आणायच्या आधी एक सांगतो. मागून म्हणू नका, गफूर बोलला न्हाई. यात एकदा आडवं केलं, का मग बसवायचं होणार न्हाई. अंग लाकडावानी होतंय. तुमच्यात बसवून नेतात, मला ठावं हाय."

"गरम पाण्यानं शेकलं तर?" सिद्धम्मानं विचारलं.

"न्हाई होत अक्का. दोन घरी बघितलंय मी... न्हाई होत."

सिद्धम्मा दाराची चौकट धरून तशीच उभी राहिली. तिच्या मागं, माजघरात, अप्पा निजले होते. अजून ऊबदार... अजून मऊ!

शिवप्पा लिंगायत. त्यांच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत आणि आडवं पुरतही नाहीत. त्याला बसवतात. मांडी घालून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवून, जणू माणूस सकाळच्या पूजेलाच बसलाय, असा त्याला समाधीत ठेवतात. पण ती मांडी अंगात ऊब आहे तोवरच घालून घ्यावी लागते. एकदा का देह ताठला, की मग देवाच्या बापालाही ते जमत नाही. आणि बसवलेला देह त्या आडव्या पेटीत मावत नाही, अन् पेटीशिवाय त्या उन्हात तो संध्याकाळच्या पुढं टिकत नाही! म्हणजे दोनच वाटा होत्या. आत्ता बसवायचं आणि दिवस मावळायच्या आत शेतात न्यायचं. नाहीतर आडवं निजवायचं आणि थांबायचं.

थांबायचं होतं ते अमरनाथसाठी.

अमरनाथ तिचा धाकटा भाऊ. भाऊ कसला, लेकरूच ते तिचं! अठ्ठ्याहत्तर साली अव्वा, म्हणजे आई, गेली तेव्हा तो अकरा महिन्यांचा होता आणि सिद्धम्मा सोळा वर्षांची. त्या दिवशी अप्पांनी स्वतःच्या हातानं अव्वाची मांडी घातली, तिचे केस विंचरले, आणि विमान म्हणजे ती फुलांनी सजवलेली खुर्ची येईपर्यंत तिला आपल्या छातीशी टेकवून धरून भिंतीशी बसून राहिले. दोघं जणू लग्नाच्या फोटोला बसल्यासारखी दिसत होती... सिद्धम्माच्या डोळ्यांपुढून ते चित्र पुढं चाळीस वर्षं हललं नाही. शेतातल्या खड्ड्यापाशी अप्पा एवढंच म्हणाले होते, "उजव्या अंगाला माझी जागा सोडा रे. मला बी हिच्या शेजारी असंच बसवा."

आणि तिथून पुढं अप्पांनी दुसरं लग्न केलं नाही, नि सिद्धम्मानं पहिलंही केलं नाही. नायगावच्या एका मास्तरांचं स्थळ आलं होतं, साखर वाटायचा दिवसही ठरला होता. पण त्या सकाळी अमर तिच्या लुगड्याचा पदर मुठीत धरून असा झोपला होता, की ती मूठ सोडवायची तिला हिंमत झाली नाही. "मला न्हाई जायचं, अप्पा," ती म्हणाली. अप्पांनी एकदाच विचारलं, "नक्की?" आणि मग कधीच विचारलं नाही. त्या न विचारण्याची लाज त्यांच्या डोळ्यांत तिला जन्मभर दिसत राहिली. पण तिनं ती दिसल्याचं कधी दाखवलं नाही.

असा वाढवलेला अमर शिकला, बँकेत लागला, आणि दोन हजार बारा साली त्यानं नांदेडच्या ज्योत्स्नाशी, आपल्यासोबत काम करणाऱ्या परजातीच्या मुलीशी, कचेरीत जाऊन लग्न केलं. अप्पांना तो सांगायला आला तेव्हा अप्पा दुकानात दाभणानं पोतं शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आता मी मेल्यावरच ये," ते म्हणाले.

रागाचा शब्द होता तो! दोन दिवसांत विरघळला असता. पण लेकही त्याच मातीचा. तो सहा वर्षं आला नाही. बदल्या घेत घेत पार गुवाहाटीला गेला. तिथून अक्काला फोन करायचा, अप्पांचं औषध विचारायचा, आणि अप्पा शेजारीच बसलेले असले तरी "त्यांना देऊ का?" असं विचारल्यावर गप्प व्हायचा. इकडं अप्पाही कानावर हात धरून वळून बसायचे, पण फोन ठेवला, की उगीच म्हणायचे, "तिकडं पाऊस लई असतो म्हणं..."

त्या सकाळी अप्पा गेल्या गेल्या तिनं अमरला फोन लावून सांगितलं. एक्केचाळीस वर्षांचा तो बाप्या लहान पोरासारखा हंबरला, "अक्का! मी निघालो. विमान हाय दुपारचं. हैदराबादहून गाडी करतो. रात्री आठपर्यंत उदगिरात येतो बघ. मी येईपर्यंत अप्पांना नेऊ नको, अक्का... एकदा तोंड बघू दे मला. एकदाच!"

"न्हाई नेत," ती म्हणाली.

आणि आता दारात गफूर उत्तराची वाट बघत होता. याच गफूरची आई सुलतानबी तीस वर्षं अप्पांच्या दुकानात पोती शिवायला होती. तिच्या मांडीवर गफूर आणि सिद्धम्माच्या कडेवर अमर, असे ते दोघे एकाच ओट्यावर वाढलेले. म्हणून तो धंदेवाईक बोलला नव्हता, घरच्यासारखा बोलला होता.

सिद्धम्मा आत गेली. अप्पांच्या पायाशी बसली. उजवा गुडघा हातात घेऊन तिनं हळूच वाकवून पाहिला. वाकला! किती सहज वाकला तो! तिनं पाय तसाच धरून ठेवला आणि अप्पांच्या तोंडाकडं पाहिलं. 'सांगा की हो,' ती मनात म्हणाली, 'बसवू, का थांबू?' चाळीस वर्षांत एकच मागणं मागितलं होतं या माणसानं. एकच! आणि पोराला शेवटचं बोलणं बोलला होता तेही एकच... 'मी मेल्यावर ये.' तो निघाला होता. बापानं सांगितलं तेव्हा निघाला होता. तो आल्यावर त्याला काय दाखवायचं? ओली माती?

तिनं अप्पांचा पाय सरळ केला. साडीनं डोळे पुसले आणि बाहेर येऊन म्हणाली, "आण पेटी."

गफूर हलला नाही. "अक्का, एकवार आणखी..."

"आण म्हणलं ना! आन् एक ऐक गफूर. तू मला काय सांगितलंस अन् मी काय ठरवलं, हे कुणाजवळ बोलायचं न्हाई. तुला तुझ्या अम्मीची शपथ हाय."

पाच वाजता अहमदपूरहून मडिवाळप्पा मामा आले. अव्वाचे थोरले भाऊ, ऐंशी वर्षांचे, ताठ, समाजात शब्दाला वजन असलेले. त्यांनी आल्या आल्या पेटीची काच सरकवली, भाच्याच्या लग्नाला नावं ठेवत आलेलं तोंड एकदम मिटलं, आणि त्यांनी शिवप्पांचा पाय चाचपून पाहिला.

"हे काय केलंस सिद्धे? मांडी घातली न्हाईस?"

घर माणसांनी भरलं होतं. सगळ्यांचे डोळे तिच्यावर. खरं सांगणं सोपं होतं. 'अमरसाठी थांबले' एवढंच. पण मामांना ती ओळखत होती. उद्या अमर दारात पाऊल टाकील, अन् मामा चारचौघांत त्याच्या तोंडावर फेकतील : 'जित्या बापाला सोडलंस, अन् मेल्यावर त्याची बैठक बी मोडलीस!' ते एक वाक्य त्या पोराला जन्मभर पुरलं असतं. झोपेत, जेवताना, स्वतःच्या लेकराकडं बघताना...

"सुचलंच न्हाई मला, मामा," सिद्धम्मा खाली मान घालून म्हणाली. "घाबरून गेले मी. ध्यानातच आलं न्हाई."

"ध्यानात आलं न्हाई!" मामा कडाडले. "विधी करणारा जंगम घरापासून चार पावलांवर राहतो, अन् बारदानवाल्याच्या लेकीच्या ध्यानात येत न्हाई! अगं, बारशाला न्हाई, लग्नाला न्हाई, या एकाच कामाला माणूस घरच्यांच्या हातात असतो ग..."

आणि अमर रात्री आठला आलाच नाही. तिकडच्या वादळात त्याचं विमान सुटलंच नाही. तो आला दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, ज्योत्स्नाला आणि चार वर्षांच्या सृष्टीला घेऊन. चपलांसकट आत धावला, काचेवर डोकं टेकवलं, आणि "अप्पा, आलो... आलो ना!" म्हणून असा हंबरडा फोडून रडला, की मामांनीसुद्धा तोंड फिरवलं. सिद्धम्मा लांबून पाहत होती. आपण एका हातानं काय दिलं आणि दुसऱ्या हातानं काय हिरावलं, याचा ताळमेळ तिला लागेना. पण भाऊ काच सरकवून बापाच्या तोंडावरून हात फिरवत होता, एवढं तिनं डोळे भरून पाहून घेतलं.

मग फुलांचं विमान दारात आलं, जंगम सिद्धेश्वर स्वामी आले, विभूती आली, बेल आला. अप्पांना बाहेर काढलं. गरम पाणी ओतलं, तेल चोळलं, दहा हात लागले. गुडघे वाकेनात.

"जोर लावावा लागंल," दुकानाशेजारचे शेषेराव हळू आवाजात म्हणाले. "लावतात कधीकधी... आवाज येतो जरासा. बायकांना आत घ्या."

"लावा!" अमर ओरडला. त्याचे डोळे लाल झाले होते. "अप्पांना बसवूनच न्यायचं. त्यांनी दुसरं मागितलंच काय होतं? लावा जोर!"

दोघं पुढं वाकले, आणि तेवढ्यात सिद्धम्मा त्यांच्यामधून घुसून अप्पांच्या पायांवर आडवी पडली.

"हात लावायचा न्हाई कुणी! माझ्या अप्पाचे पाय मोडायचे न्हाईत! ह्या पायांनी रोज चार मैल चालून त्यांनी आपल्याला खाऊ घातलंय, अमर. झोपवून न्या... तसंच न्या. पाप लागलं तर मला लागंल!"

सिद्धेश्वर स्वामींनी हात वर केला. "राहू द्या. शिवाला आसन लागत न्हाई. झोपवून द्या."

अमर उठला. एवढ्या माणसांत, ज्या अक्काला त्यानं आयुष्यात कधी 'अगं' म्हणून वरच्या आवाजात हाक मारली नव्हती, तिच्याकडं बोट करून तो म्हणाला, "तू होतीस ना घरात? अव्वाला कसं बसवलं ते तू बघितलंय, मी न्हाई! बसवून भोवती बर्फ लावायचा होता, काय बी करायचं होतं... मी थांब म्हणालो होतो, आडवं पाड म्हणालो होतो का? चाळीस वर्षं त्यांचं खाल्लंस, अन् त्यांचं एवढं एक झालं न्हाई तुझ्याच्यानं?"

खाल्लंस! तो शब्द तिच्या काळजात रुतून बसला. कोपऱ्यात पेटीचा दोर गुंडाळत असलेला गफूर ताडकन उभा राहिला, त्याचे ओठ हलले... सिद्धम्मानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. तो पुन्हा खाली बसला.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी शिवप्पांना अव्वाच्या उजव्या अंगाला, आडवं, माती दिली. तिसऱ्या दिवशी अमर गेला. जाताना सृष्टीनं "आत्या, टाटा" म्हटलं. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

पाच वर्षं! पाच वर्षं सिद्धम्माच्या फोनवर त्या नंबरवरून एक घंटी वाजली नाही. ज्योत्स्ना अधूनमधून स्वतःच्या फोनवरून बोलायची, "अक्का, हे अजून नाव काढू देत नाहीत हो," असं ओशाळून सांगायची. दोन हजार एकवीसला अमरची बदली नांदेडला झाली. नांदेड! दोन-अडीच तासांची वाट. एसटीच्या पाटीवर ते नाव दिसलं, की सिद्धम्माचं पाऊल अडायचं. लग्नाकार्यात बायका तिला विडा देताना कुजबुजायच्या, हीच ती, बापाला बसवायचं विसरली. ती ऐकून न ऐकल्यासारखं करी. त्याहून मोठा भार दुसराच होता. आपण बरोबर केलं का, हे तिला ठाऊक नव्हतं. अप्पांना विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते? 'पोराला येऊ दे' म्हणाले असते, का 'मला बसव' म्हणाले असते? रोज सकाळी लिंगपूजेला मांडी घालून बसताना तो प्रश्न तिच्या गुडघ्यांतून वर चढायचा, आणि तिची पूजा अर्धी राहायची.

दोन हजार तेवीसच्या मे महिन्यात मडिवाळप्पा मामा उदगीरच्या दवाखान्यात दाखल होते. पंच्याऐंशी वर्षांचं शरीर, किती टिकणार? ती रोज डबा घेऊन जायची. मामा तिच्याशी तुटकच बोलत. पण भात तिच्याच हातचा खात. एका सकाळी आठला ते गेले. गफूरच्याच गाडीतून तिनं त्यांना अहमदपूरला नेलं. सगळ्या वाटभर ती त्यांचे पाय चोळत बसली होती.

घरी मामांची सून गिरिजा एकटी होती. तिचा नवरा शिवकुमार, मामांचा एकुलता एक, मस्कतला. आणि ओसरीवर, नांदेडहून नुकताच येऊन पोचलेला, केसांत पांढरं उतरलेला अमरनाथ उभा होता. पाच वर्षांनी बहीण-भाऊ समोरासमोर आले. त्यानं मान खाली घातली आणि मामांना उतरवायला हात लावला. तिच्याकडं पाहिलं नाही.

"भावजी," गिरिजा रडत रडत त्याच्याकडं वळली, "ह्यांचा फोन आला होता. उद्या दुपारपर्यंत पोचतो म्हणाले. काय करू सांगा. घरात मोठं माणूस आता तुम्हीच."

अमरनं क्षणभर विचार केला. "थांबू या. एकुलता एक हाय तो. गफूरभाई, पेटी आणा. शिवकुमार आला की उद्या बसवू मामांना."

गफूर ओसरीच्या पायरीवर उभा होता. "न्हाई होत, साहेब. पेटीत झोपवलं तर उद्या बसत न्हाईत. अन् बसवलं तर पेटीत मावत न्हाईत, ह्या उन्हात संध्याकाळच्या पुढं ठेवता येत न्हाई. काय ते आत्ताच ठरवा. दोन्ही होणार न्हाई."

"असं कसं? बसवून बर्फ लावला तर?"

"पाच वर्षांपूर्वी बी तुम्ही हेच म्हणाला होतात," गफूर म्हणाला. "कुणी कुणाला एवढा बर्फ लावतंय साहेब? मी अठरा वर्षं हेच काम करून राहिलो. मी तेव्हा बी आधीच सांगितलं होतं. उंबऱ्यात उभा राहून सांगितलं होतं."

"कुणाला सांगितलं होतं?"

"गफूर!" आतून सिद्धम्मा धावत आली. "पुरे! तुला शपथ घातली होती मी!"

"अम्मीची घातली होती, अक्का. अम्मी गेली मागच्या रमजानात." गफूरनं डोळे पुसले. "जाताना मला म्हणाली, बारदानवाल्याच्या पोरीवर आळ हाय, अन् तुला खरं ठाऊक हाय. मी मेले का माझी शपथ सुटली, मग सांग. आज सांगतो! साहेब, तुमच्या अक्काला सगळं ठावं होतं. अप्पांचा पाय तेव्हा वाकत होता, मी दारातून बघितलाय. तिनं धरला, वाकवला, अन् सरळ केला. तुम्ही फोनवर म्हणालात म्हणून. तुम्हाला तोंड दिसावं म्हणून! मामांना म्हणाली सुचलं न्हाई... झूट बोलली ती. मामांनी तुम्हाला बोलू नये म्हणून."

 अमरनाथ खांबाला टेकून उभा होता; त्याच्या तोंडावरचं रक्त हळूहळू उतरत गेलं. मग तो खाली बसला, तिथंच, धुळीत.

"अक्का... खरं हाय हे?"

सिद्धम्मानं मान हलवली.

"मग मी तुला त्या दिवशी... चारचौघांत..." तो म्हणाला. "सांगितलं का न्हाईस ग? एवढी पाच वर्षं! एक फोन करायचा होतास!"

"सांगून काय झालं असतं रे?" ती म्हणाली. "अप्पा उठून बसले असते का?"

त्या वाक्यासरशी त्याचा बांध फुटला. त्यानं तिच्या पायांना मिठी मारली आणि तिच्या पावलांवर कपाळ घासत तो रडू लागला, "मला मार, अक्का! दोन थोबाडीत दे! तुझं खाल्लं मी, तुझं आयुष्य खाल्लं, अन् तुलाच म्हणालो..."

तिनं खाली वाकून त्याचं डोकं पोटाशी धरलं. पंचेचाळिशी ओलांडलेलं, पिकलेलं डोकं. पण तिच्या हाताला ते अकरा महिन्यांचंच लागलं. "गप, गप," ती म्हणत राहिली. "मी बी चुकले असंन. मला बी ठाऊक न्हाई, अमर. अप्पांना काय पायजे होतं, मला खरंच ठाऊक न्हाई..."

मग तिनंच आधी डोळे पुसले. "ऊठ. रडायला जन्म पडलाय. मामांचं अंग थंड होऊन राहिलंय. शिवकुमारला फोन लाव अन् त्याला खरं काय ते सांग. ठरवायचं त्यानं. माझ्यावानी दुसऱ्यानं ठरवायचं न्हाई."

अमरनं फोन लावला. एका मुलानं केलेली चूक त्यानं दुसऱ्या मुलाला लपवून न ठेवता सांगितली. पलीकडून शिवकुमारचा भरलेला आवाज आला, "बसवा, दादा. बापूंना बसवा. मला तुम्ही फोनमध्येच दाखवा."

गिरिजानं फोन धरला. अमरनं बाह्या सावरल्या. पण पाय कसा धरायचा हेच त्याला ठाऊक नव्हतं; बापाजवळ हे काम शिकायचं त्याचं राहूनच गेलं होतं. सिद्धम्मा त्याच्या शेजारी बसली.

"आधी डावा. ओढू नको, नुसता आधार दे. हां... आता उजवा, वरून. मागून छातीला टेकू दे त्यांना. असं. धर आता."

मडिवाळप्पा मामा बसले. तिनं त्यांच्या कपाळाला विभूती लावली, डावा तळहात उघडून त्यावर लिंग ठेवलं. मागून त्यांना कवळून धरलेल्या अमरनं मामांच्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. तो तेव्हा कुणाला धरून बसला होता, ते तिथल्या कुणालाच विचारावं लागलं नाही.

शिवकुमार दुसऱ्या दिवशी आला आणि ओल्या समाधीपाशी दुपारभर बसून राहिला. त्यानं कुणाला दोष दिला नाही. पण नंतर तो मस्कतला परत गेला नाही. अहमदपुरातच त्यानं पाइपचं दुकान टाकलं, गिरिजा तिथं गल्ल्यावर बसते. गफूरची आता दोन वाहनं आहेत. आणि लिंगायताच्या घरी पेटी न्यायची असली, की तो स्वतः जातो, उंबऱ्यात उभा राहतो, आणि तीच गोष्ट दोनदा सांगितल्याशिवाय पेटी आत नेऊ देत नाही. दुकानाशेजारचे शेषेराव पुढच्याच वर्षी गेले. ज्योत्स्ना तेवीसच्याच दिवाळीला पहिल्यांदा उदगीरच्या घरात सून म्हणून आली. सिद्धम्मानं तिची ओटी भरली, तेव्हा भरल्या डोळ्यांनी दोघींनाही एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं. सिद्धम्माच्या डोळ्यांचं ऑपरेशन नांदेडला झालं, आणि पट्टी सुटेपर्यंत अमर तिला हातानं जेवू घालत होता. राहते मात्र ती उदगीरलाच. पूजा अजूनही कधीमधी अर्धी राहते. ज्याचं उत्तर देणारा माणूस गेला, तो प्रश्न सुटत नाही. त्याच्याशी राहायला शिकावं लागतं, एवढंच.

चोवीस सालच्या श्रावणात सगळे मिळून शेतात गेले होते. दोन समाध्यांवर अमरनं नवे दगडी चौथरे बांधून घेतले होते. दहा वर्षांची सृष्टी त्यांच्याभोवती फिरली, हातानं मापं घेतली, आणि तिनं विचारलं, "बाबा, आजीचा चौथरा चौकोनी आहे, मग आजोबांचा एवढा लांब का?"

सिद्धम्माचा बेल वाहणारा हात थांबला. उत्तर तिच्या ओठांवर तयारच होतं, पाच वर्षं पाठ झालेलं, 'मला सुचलं न्हाई ग' म्हणून. पण त्याआधी अमर बोलला.

"आजी बसलीय, बाळा," तो म्हणाला. "आजोबा बी बसणारच होते. पण मला यायला लई उशीर झाला... माझी वाट बघता बघता ते झोपून गेले."